हुकूमशाहीत मानसशास्त्राची गळचेपी होते, मग नाझी जर्मनीत तो व्यवसाय वाढला कसा?

गळचेपी झालीच. १९३३ मध्ये विल्यम स्टर्न, माक्स वेर्टहायमर यांच्यासारख्या ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठातून काढलं. पण त्याच सुमारास लष्कराचा विस्तार सुरू झाला, अधिकारी निवडायला माणसं हवी होती, आणि या विषयाला कधी नव्हे तो पक्का गिऱ्हाईक मिळाला.

निवड दोन-तीन दिवस चाले: जीवनवृत्तांत, बुद्धी, हुकूम पाळणं-देणं आणि हावभाव. एका चाचणीत उमेदवार स्प्रिंग ताणायचा, तिच्यातून वाढता विजेचा प्रवाह सोडत, आणि लपवलेला कॅमेरा त्याचा चेहरा टिपायचा. यातून 'चारित्र्य' कळतं हा दावा मला कच्चाच वाटतो.

नोकऱ्या आल्या तशी ठरावीक पात्रताही हवी झाली. म्हणून १९४१ मध्ये मानसशास्त्राची डिप्लोम परीक्षा सुरू झाली. तोवर स्वतंत्र व्यावसायिक पदवीच नव्हती, बहुतेक जण पीएच.डी. करत. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी हवाई दल आणि भूदलाने आपले मानसशास्त्र विभाग बंद केले. अधिकारी इतके मरत होते की निवडीची चैन परवडेना. डिप्लोम मात्र टिकली, युद्धानंतर पश्चिम जर्मनीतही.

मानसोपचाराचा रस्ता वेगळा: १९३६ ची बर्लिनची संस्था, प्रमुख माथियास ग्योरिंग, बडा नाझी नेता आणि हवाई दलप्रमुख हेर्मान ग्योरिंगचे नातलग. त्या आडनावाचं संरक्षण मोठं होतं.