वाचक विचारतात : नॉरफोकच्या पाणथळी, आधी तारीख मग जागा

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यात किंवा जवळपास राहणाऱ्या, किंवा उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या वाचकांचे पक्षीनिरीक्षणाबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

आई-बाबा नाशिकहून जूनच्या अखेरीस आमच्याकडे नॉरिचला येत आहेत. दोघंही दर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला जाणारी. ‘उन्हाळ्यात कसले आलेत पाणपक्षी?’ असं बाबा म्हणतात. खरंच ऑफ-सीझन असतो का?

बाबांचा हिशोब नांदूर मध्यमेश्वरसाठी बरोबर आहे. आपल्याकडे हिवाळ्यात उतरतात ते पाहुणे, पिल्लं वाढवायला ते उत्तरेला जातात. नॉरफोक त्या पाहुण्यांच्या वाटेवरही आहे आणि कितीतरी पक्ष्यांचं माहेरही आहे. त्यामुळे तिथला उन्हाळा रिकामा नसतो, पण तो एकसारखाही नसतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास त्याला सांधा आहे. त्याआधीचे दिवस बोरूच्या रानातल्या पक्ष्यांचे, म्हणजे गाणं, घरटी आणि पिल्लं. त्यानंतरचे दिवस चिखलात चोच खुपसून चरणाऱ्या वेडर्सचे. हिरव्या तुतारीसारखे पक्षी जून संपायच्या आतच उत्तरेकडून परतू लागतात. स्पॉटेड रेडशँकच्या माद्या तर अंडी घालून झाली की उबवणं आणि पिल्लं नरांवर सोपवून निघतात. इंग्लंडमध्ये लोक उन्हाळी सुट्टीचे बेत आखत असतात, तेव्हा या पक्ष्यांचा परतीचा प्रवास सुरू झालेला असतो.

आई-बाबा नेमके सांध्यावर येत आहेत, म्हणून दोन वेगळ्या जातीच्या जागा निवडा. एक दिवस नॉरिचजवळच्या स्ट्रम्पशॉ फेनला द्या. तिथे बोरूचं रान आहे, त्यावर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी तरंगत असतो. नर भक्ष्य घेऊन येतो आणि मादी खालून उडत येऊन ते हवेतच झेलते, हा खेळ जूनमध्ये पाहायला मिळतो. 1971 मध्ये अख्ख्या ब्रिटनमध्ये या भोवत्याची एकच जोडी उरली होती, तीही शेजारच्या सफोक परगण्यात, हे बाबांना आवर्जून सांगा. ऊन पडलं आणि वारा पडलेला असला तर सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळात स्वॅलोटेल फुलपाखरू फुलांवर शोधा. त्याची ब्रिटनमधली उपजात नॉरफोकच्या ब्रॉड्स या तळ्यांच्या भागापुरतीच उरली आहे, कारण तिच्या अळ्या मिल्क पार्सली नावाच्या दलदलीतल्या झाडावरच वाढतात. मेच्या अखेरीपासून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत ते उडतं.

दुसरा दिवस उत्तर किनाऱ्यावर, टिचवेल किंवा क्ले इथे. (पाटीवर ‘क्ले’ वाचाल, गावचे लोक मात्र ‘क्लाय’ म्हणतात.) क्लेची दलदल 1926 मध्ये पक्ष्यांसाठी विकत घेतली गेली आणि परगणावार निसर्ग न्यासांची चळवळ तिथून सुरू झाली. इथे उचाट्या हा वर वळलेल्या चोचीचा पक्षी पिल्लांसकट दिसेल. होकहॅमला 2010 पासून चमचा पक्ष्यांची वसाहत आहे, त्यामुळे तेही या किनाऱ्यावर चरायला येतात. काळ्या शेपटीचा गॉडविट भिगवणला पाहिला असेल, पण हिवाळी राखाडी पिसांत. इथे तो विटकरी लाल असतो. जात तीच. मात्र जुलैत या किनाऱ्यावर उतरणारे थवे मुख्यतः आइसलंडहून येतात, भिगवणचे पक्षी वेगळ्या वाटेने येतात.

आणि वारकरी पक्षी? काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, अगदी नांदूर मध्यमेश्वरचाच. फक्त जूनमध्ये त्याच्यामागे लालभडक टकलाची पिल्लं असतात. ती पाहून आई ओळखणार नाहीत, पैज लावा.

केंब्रिजला राहतो, गाडी नाही. एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय?

दोन पर्याय. केंब्रिजहून किंग्ज लिनला थेट रेल्वे आहे, साधारण पाऊण-एक तास. तिथून हन्स्टंटनमार्गे वेल्स या गावाकडे जाणारी किनारी बस टिचवेलला थांबते. दुसरा पर्याय रेल्वेने नॉरिच, मग लोकलसारख्या छोट्या गाडीने ब्रंडल, आणि तिथून दोन-अडीच किलोमीटर चालत स्ट्रम्पशॉ. नकाशात बकनहॅम हे स्टेशन त्याहून जवळ दिसतं आणि लोक तिथेच फसतात, कारण तिथे फार थोड्या गाड्या थांबतात. परतीची गाडी पाहिल्याशिवाय तिथे उतरू नका. क्लेला जायचं तर नॉरिच ते शेरिंगहॅम रेल्वे आणि पुढे किनारी बस. या रेल्वेमार्गाचं नावच ‘बिटर्न लाइन’, म्हणजे तपस पक्ष्याची लाइन.

टिचवेलला जाताना उजेडाचा विचार करा. मुख्य पायवाट दक्षिणेकडून उत्तरेला समुद्राकडे जाते आणि तळी तिच्या पूर्वेला आहेत. सकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो, पक्षी नुसते काळे आकार दिसतात आणि तुतारींच्या जाती तर ओळखताच येत नाहीत. त्यामुळे रेल्वेने उशिरा पोहोचणाऱ्याचं इथे बिघडत नाही. दुपारी तीननंतर ऊन पाठीशी येतं. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तेव्हा वेळ भरपूर आहे. फक्त शेवटची बस लवकर जाते, ती आधी पाहा. क्लेच्या अभ्यागत केंद्राच्या काचा उत्तरेकडे तोंड करून आहेत, तिथे दिवसभर उजेड चांगला.

जूनमध्ये बोरूसमोरच्या हाइडमध्ये (पक्षी पाहायच्या आडोशाच्या खोपीत) सलग तीन तास बसलो, तपस दिसला नाही. शेजारचे गृहस्थ दहा मिनिटांत पाहून गेले! काय चुकलं?

बहुतेक नजर चुकीच्या जागी होती. नवखे लोक बोरूच्या बुडाशी, पाण्याच्या कडेला पाहत बसतात. तपस तिथे असतोही, पण चोच आभाळाकडे करून उभा राहिला की अंगावरच्या तपकिरी रेघा बोरूत विरून जातात. मराठीत त्याला तपस उगाच नाही म्हणत.

जूनमध्ये तो पाहायचा तो उडताना. पिल्लांना भरवण्याचं काम एकटी मादी करते, नर त्यात हात घालत नाही. ती घरट्यापासून चरायच्या जागेपर्यंत दिवसातून अनेकदा जाते आणि बहुधा त्याच रेषेत. मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत हे चालतं. म्हणून दुर्बीण खाली ठेवा आणि उघड्या डोळ्यांनी बोरूच्या शेंड्यांच्या वर हात-दोन हात हवेचा पट्टा पाहत राहा. काही हललं तरच दुर्बीण उचला. एकदा पक्षी दिसला की कुठून उठला, कुठे उतरला, हे मागच्या एखाद्या झाडाच्या खुणेने लक्षात ठेवा. पुढच्या अर्ध्या-एक तासात त्याच वाटेने परत जाण्याची शक्यता मोठी. पहाटे पाच ते आठ सर्वात बरं. राखी बगळ्याशी घोटाळा होतो, पण तपस तपकिरी असतो, त्याचे पंख रुंद, गोल असतात, मान आखडलेली, आणि लांबून घुबडच उडतंय असं वाटतं.

आवाजावर भिस्त असेल तर एप्रिल-मे गाठा. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा नराचा घुमार शांत पहाटे पाच किलोमीटरपर्यंत जातो, जूनमध्ये तो उतरणीला लागतो. हा पक्षी एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधून वीण करणारा म्हणून नाहीसा झाला होता. 1911 मध्ये एमा टर्नर यांनी नॉरफोकमध्येच त्याच्या पिल्लाचं छायाचित्र घेतलं, तेव्हा तो परतल्याचा पुरावा मिळाला. पुढे 1997 मध्ये घुमणारे नर पुन्हा 11 वर आले. त्यानंतर बोरू कापून, पाण्याचे पाट उघडून, पाणी राखून ही संख्या वाढवली गेली. तुम्ही ज्या मोकळ्या पाटासमोर बसला होतात तो आपोआप झालेला नसतो.

स्नेटिशॅमला हजारो वेडर्स एकदम उडतात असं ऐकून ऑगस्टमध्ये गेलो. भरतीची वेळ पाहून दुपारी एकला पोहोचलो होतो. पक्षी दूर चिखलात ठिपक्यांसारखे, उडालं काहीच नाही.

भरतीची वेळ पाहिलीत, भरतीची उंची पाहिली नाहीत. कोकणातल्या माणसाला हे चटकन समजेल: भांगाची भरती आणि उधाणाची भरती यात जमीन-अस्मानाचा फरक. स्नेटिशॅम ज्याच्या काठी आहे त्या वॉश या उथळ आखाताचा चिखल मैलोन्‌मैल पसरलेला आहे. भांगाच्या भरतीत त्यातला पुष्कळ उघडाच राहतो, मग पक्ष्यांनी उडावं कशाला? उधाण आलं की पाणी शेवटच्या पट्ट्यापर्यंत चढतं, पक्षी ढकलले जात जात दाटतात आणि पायाखाली काही उरलं नाही की एकदम उठून किनाऱ्यामागच्या जुन्या खाणींच्या तळ्यांवर येतात.

आता खरी गोम. एका ठिकाणी उधाणाची भरती साधारण ठरलेल्या घड्याळी वेळेलाच येते. वॉशमध्ये ती सकाळ-संध्याकाळ सहा ते आठच्या सुमारास. दुपारी एकची भरती म्हणजे तिथे भांगाचीच असणार. म्हणजे दुपारची सोयीची वेळ पाहून गेलात तर दरवेळी हेच होईल.

पुढच्या खेपेला असं करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अमावास्या-पौर्णिमा पाहा, त्यानंतरचा पहिला-दुसरा दिवस धरा. मग किंग्ज लिन किंवा हन्स्टंटनच्या भरतीच्या तक्त्यात त्या दिवसांतली सर्वात उंच सकाळची भरती निवडा. काही तक्ते ग्रिनिच वेळेत असतात; उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. हा तास विसरणारे लोक तासभर आधीच पोहोचतात आणि थव्यांची वाट पाहत ताटकळतात. अभयारण्य चालवणारी आरएसपीबी ही संस्था चांगल्या दिवसांची यादीही देते. भरतीच्या दोन तास आधी किनाऱ्यावर उभे राहा, वाहनतळापासून अर्ध्या तासाची चाल आहे, ती वेगळी धरा. भरती पूर्ण झाली की मागच्या हाइडमध्ये जा. तिथे नॉट पक्षी गोट्यांवर इतके दाटून बसतात की आधी जमीनच हलतेय असं वाटतं. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांच्यात लाल पिसांतले पुष्कळ असतात. संख्या मात्र पुढे शरद ऋतूत वाढते.

चिखलात मात्र उतरू नका. पाणी मागच्या नाळांतून आधी भरतं आणि परतीची वाट बंद होते.

नवी 10×42 (दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं) दुर्बीण घेतली. चष्मा लावून पाहिलं की कडेला काळ्या सावल्या येतात, चष्मा काढला तर डोकं दुखतं. दुर्बीण खराब आहे का?

बहुधा नाही, लावणी राहिली आहे. चष्मा ठेवायचाच. डोळ्यांकडच्या दोन्ही रबरी वाट्या फिरवून पूर्ण आत घ्या. दोन नळ्या जवळ-लांब करून एकच गोल चित्र दिसेल असं अंतर ठेवा. वीस-तीस मीटरवरची एखादी पाटी निवडा. उजवी नळी हाताने झाका आणि डाव्या डोळ्याने पाहत मधलं चाक फिरवून अक्षरं स्पष्ट करा. मग डावी झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याकडचं कडं फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. (काही दुर्बिणींत हे कडं मधल्या चाकापाशी असतं.) त्या कड्याची खूण लक्षात ठेवा. पुढे फक्त मधलं चाक.

एवढं करूनही सावल्या राहिल्या तर माहितीपत्रकात ‘आय रिलीफ’ पाहा. चष्म्याला तो सोळा मिलिमीटर किंवा जास्त हवा, कमी असेल तर बदलून घ्या. एकाऐवजी दोन चित्रं दिसत असतील तर आतले लोलक हललेले आहेत; घरी उघडू नका.

खरं सांगायचं तर बोरूच्या रानासाठी 8×42 बरी. दहापटीत हाताची थरथरही मोठी होते आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो. बोरूतून निघून दोन सेकंदांत आत जाणारा पक्षी त्यात सापडत नाही. खिशातली 8×25 स्वस्त पडते, पण 25 भागिले 8 म्हणजे तीन मिलिमीटरचाच प्रकाशझोत डोळ्यात येतो. 8×42 मध्ये तो पाच मिलिमीटरहून जास्त असतो. पहाटे आणि सांजेला हा फरक कळतो. आणि उन्हाळ्यात सकाळी अकरा ते चार चिखलावरची गरम हवा थरथरते, तेव्हा मोठ्या दुर्बिणीतूनही पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. त्याला भिंगाचा इलाज नाही.

बेअर्डेड टिट हा बोरूतला छोटा पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला तर चालेल का?

नाही. बेअर्डेड टिट, तपस, उचाट्या, दलदली भोवत्या, छोटा सुरय हे ब्रिटनच्या 1981 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वीण चालू असताना घरट्यापाशी त्यांना मुद्दाम किंवा बेफिकिरीने त्रास देणं गुन्हा आहे. वारा नसलेली सकाळ निवडा, ‘पिंग’ असा नाणं वाजल्यासारखा आवाज ऐका आणि बोरूच्या कडेवर नजर ठेवा. वाऱ्यात ते खालीच राहतात.

जुलैमध्ये सगळी बदकं तपकिरी कशी? नर गेले कुठे?

कुठेही नाही, समोरच आहेत. वीण संपली की नर रंगीत पिसं टाकतात आणि माद्यांसारखे होतात. त्याच काळात उडायची पिसंही एकदम गळतात, तीन-चार आठवडे उडता येत नाही, म्हणून हा वेष. ओळखायला चोच पाहा. मॅलार्ड नराची चोच पिवळट-हिरवी राहते, मादीची नारिंगी-तपकिरी, डाग असलेली.

आठ वर्षांची मुलगी बरोबर आहे. गोचिडांची भीती किती बाळगावी?

भीती नको, मोजे हवेत. पूर्ण पँट मोज्यांत खोचा, वाटेच्या मधून चाला. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला तपासा. गोचीड चिकटलेली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर, हळू ओढा. तेल, मेणबत्ती, नखाने खरवडणं, यातलं काही करू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारं लाल चट्टं दिसलं किंवा तापासारखं वाटलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं सांगा. हाइडमध्ये मुलीला तासाभरापेक्षा जास्त बसवू नका, आणि कुरकुरीत आवाज करणारी पाकिटं घरीच डब्यात रिकामी करून आणा.