देवघरामागचं मडकं

"मॅडम, भाऊ ऐकतच नाही. देव बघून घेईल म्हणतो. पोराचं औषध बंद केलंय. त्याला समजवायचं कसं?" कधी आत्या विचारते, कधी मामा, कधी आजी. कॉलेज रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा आलाय की एकदा सविस्तर लिहावंच असं ठरवलं. त्यासाठी एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

निफाडकडचे द्राक्षबागायतदार. नऊ वर्षांचा मुलगा, त्याला टाईप वन मधुमेह. यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, ते रोज बाहेरून द्यावंच लागतं. पथ्य, काढे, गोळ्या यांनी भागत नाही. मुलगा दुसऱ्यांदा आयसीयूतून घरी आला आणि वडिलांनी इंजेक्शनला नकार दिला, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी आईवडिलांना माझ्याकडे पाठवलं. आधी आई एकटीच आत आली. म्हणाली, "मी चोरून देते. फ्रीजमध्ये ठेवलं तर यांना दिसेल, म्हणून देवघरामागं मडक्यात ठेवते, वर ओलं फडकं. रोज रात्री साडेआठला हे मोटार चालू करायला मळ्यात जातात, तेवढ्यात देऊन टाकते."

मग वडील आले. बसायच्या आधीच म्हणाले, "मला अडाणी समजू नका. मी बी.एस्सी. ॲग्री आहे." पहिल्यांदा दवाखान्यातून आल्यावर त्यांनी घरात सप्तशतीचं पारायण बसवलं होतं. दीड-दोन महिन्यांत इन्सुलिनचे डोस कमी होत होत जवळपास शून्यावर आले. "मीटर तर डॉक्टरांनीच दिलेलं ना? मग महाराज म्हणाले, आता सुई सोड, नाहीतर देवीला वाटेल तुझा भरवसाच नाही. सोडली. काही दिवस चांगले गेले आणि मग उलटलं. आम्हीच कुठंतरी कमी पडलो."

या माणसाला अंधश्रद्ध म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण त्याने आकडे स्वतः पाहिले होते. टाईप वनमध्ये इन्सुलिन सुरू केल्यावर अनेक मुलांत उरल्यासुरल्या पेशी काही आठवडे, काही महिने पुन्हा थोडं काम करतात. डॉक्टर याला हनिमून फेज म्हणतात. डोस उतरतो, घराला वाटतं आजार गेला. तो गेलेला नसतो. हे त्यांना आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. मी डॉक्टरांना विनंती केली, त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. दहा मिनिटांत त्यांना पटलं.

तरी नकार कायम! "कळलं मॅडम. पण मी माझ्या हातानं देणार नाही."

'माझ्या हातानं' हे शब्द मी वहीत लिहून अधोरेखित केले. इतक्या वर्षांत मी एक शिकले आहे. माणसाला घटना जितकी छळत नाही, तितका तिला त्याने लावलेला अर्थ छळतो. तो अर्थ हाती लागेपर्यंत माहितीचा कितीही मारा करा, वरून वाहून जातो.

तिसऱ्या भेटीत अर्थ हाती लागला. मुलगा सप्तशृंगीच्या नवसाचा होता. पाच वर्षांचा व्हायच्या आत घरापासून वणीच्या गडावर पायी नेईन, असं वडील बोलले होते. बागेवर कर्ज झालं, एकदा गारपीट झाली, नवस राहून गेला. म्हणजे त्यांच्या मनात हा मधुमेह नव्हताच, कोप होता. आणि इंजेक्शन म्हणजे देवीने दिलेली शिक्षा चुकवणं.

त्या दिवशी दोघं शेजारी बसले होते. माझं माहेर पिंपळगावकडचं, भाऊ बाग करतो, त्याच्याशी आदल्या रात्रीच बोलणं झालं होतं. मी सहज विचारलं, "दादा, या आठवड्यात तुमच्याकडे शेतीची लाईट दिवसाची आहे ना? मग रात्री साडेआठला कुठली मोटार चालू करता?"

ते खाली बघत राहिले. बराच वेळ. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "फडकं वाळलेलं असायचं. पहाटे पूजेला बसलो की दोन पळ्या पाणी टाकायचो त्याच्यावर."

आईने तोंडाला पदर लावला.

मला अजून त्या पळीतलं पाणी दिसतं. ठाम नकार देणारा बाप रोज पहाटे औषध गार ठेवत होता, रात्री बायकोला मोकळीक मिळावी म्हणून अंधारात बांधावर उभा राहत होता. मी विचारलं, "ज्या आईनं नवस ऐकून पोर दिलं, तीच ते हिसकावून घेईल, असं तुम्हाला कोण म्हणालं?"

"महाराज नाही म्हणाले," ते विचार करत म्हणाले. "मीच."

तर ज्यांच्या घरी असा भाऊ, असा जावई आहे, त्यांना माझं सांगणं: वाद देवावर नेऊ नका, तिथं तुम्ही हरणार. 'औषध दिलं तर काय होईल असं वाटतं?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत दैवव्यपाश्रय (पूजा, मंत्र) आणि युक्तिव्यपाश्रय (औषध, आहार) चिकित्सा शेजारी शेजारी सांगितल्या आहेत, एकीसाठी दुसरी सोडायला तिथंही सांगितलेलं नाही. हे श्रद्धाळू माणसाला पटतं, मी अनुभवलंय.

मात्र बोलणं चालू आहे म्हणून उपचार थांबता कामा नयेत. इन्सुलिन चुकलेल्या मुलाला उलट्या, पोटदुखी, खोल भरभर श्वास, गुंगी यांतलं काही दिसलं तर समजूत घालत बसू नका, उचला आणि दवाखाना गाठा. 1922 साली माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन देण्याआधी अशी मुलं बहुतेक वर्ष-दोन वर्षांत जात. या घरात आई देत होती म्हणून मला वेळ मिळाला. कुणीच देत नसतं, तर मी त्याच दिवशी बालकल्याण समितीला कळवलं असतं. तुम्हीही 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाईन लावायला कचरू नका. मुलाची अशी हेळसांड 2015 च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. नातं तुटेल ही भीती खरी आहे, पण ते नंतर जोडता येतं.

चैत्रात वडिलांचा फोन आला. गडावर पायी निघाले होते, डॉक्टरांकडून डोस ठरवून घेतला होता. चालताना साखर उतरली तर हाताशी असावी म्हणून खिशात खडीसाखर आणि मीटर. म्हणाले, "आता मीच देतो सुई, पोटावर चिमूट धरून. एकच विचारायचं होतं. घरचे म्हणतात, नवसाच्या वाटेवर पोरालाही उपास पाहिजे."

"त्याला नको," मी म्हटलं.

"तेच म्हणालो मी. त्याचा मी धरतो."