मंगळावर पाणी सापडले, मग जीव का सापडत नाहीत?

मंगळावर पाणी असल्याचे इतक्यांदा जाहीर होऊनही तिथे जीव का सापडत नाहीत, असे आपण विचारले आहे. पाण्याचे नमुने तपासण्यात एकतीस वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला यातला ‘सापडत नाहीत’ हा भाग खटकतो, कारण ‘नाही’ असा अहवाल देणे ‘आहे’ म्हणण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. आमच्या दादरच्या सोसायटीला हे मी आजतागायत पटवू शकलेलो नाही.

एका पावसाळ्यात आमच्या इमारतीत घरटी एक तरी माणूस जुलाबाने आडवा झाला होता. टाकीतले पाणी दूषित आहे असे मी सांगताच सेक्रेटरींनी तीत ब्लीचिंग पावडर टाकवली आणि तासाभराने एका खासगी लॅबचा मुलगा शीतपेयाच्या विसळलेल्या बाटलीत पाणी भरून घेऊन गेला. जंतुतपासणीच्या निर्जंतुक बाटलीत आधी क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट घालावे लागते. ते नसेल तर पाण्यातले क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहते. अहवाल अर्थातच स्वच्छ आला आणि ‘अफवा पसरवू नयेत’ या लाल शाईतल्या ओळीसह नोटीस बोर्डावर झळकला. पंधरा दिवसांनी तळटाकीला गटाराच्या बाजूने गेलेली भेग सापडली, तेव्हा मात्र नोटीस लागली नाही.

व्हायकिंग यानांची हकीकत वाचताना मला तीच बाटली आठवते. १९७६ मध्ये त्यांनी मंगळाच्या मातीवर किरणोत्सारी कार्बन असलेले पोषकद्रव्य टाकले तेव्हा कोणी जीव ते खाऊन सोडत असावा तसा किरणोत्सारी वायू बाहेर पडला, आणि माती आधी १६० अंशांवर तापवून घेतल्यावर ही क्रिया जवळजवळ थांबली. परंतु ५०० अंशांपर्यंत माती तापवून सेंद्रिय, म्हणजे सजीव ज्यांचे बनतात तसे कार्बनचे, रेणू शोधणाऱ्या दुसऱ्या उपकरणाला क्लोरोमिथेनसारखी किरकोळ संयुगेच मिळाली, आणि तीही पृथ्वीवरच्या सफाईच्या द्रावकांची म्हणून बाजूला सारली गेली. २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट हे क्लोरीनयुक्त क्षार सापडले. हे क्षार तापवले की सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतात आणि त्या भट्टीत क्लोरोमिथेनही तयार होऊ शकते. तिथेही क्लोरीनच आडवे आले.

पाण्याचे म्हणाल, तर ते आज प्रामुख्याने ध्रुवांवर आणि जमिनीखाली बर्फाच्या रूपात आहे. हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी असल्यामुळे फिनिक्सने खणलेल्या चरातले बर्फाचे खडे चार दिवसांत न वितळताच उडून गेले. अशा पाण्यावर कोणी जगत असेलच, असे समजण्याचे कारण नाही.

व्हायकिंगला जीव सापडले होते असेही मी म्हणत नाही, कारण बहुतेक शास्त्रज्ञ तो वायू मातीतल्या ऑक्सिडीकारक रसायनांमुळे निघाला असे मानतात आणि ते मला पटते. २०२४ मध्ये पर्सिव्हियरन्स या रोव्हरला मंगळावरच्या जेझेरो विवरात, प्राचीन जीवांची खूण असू शकेल असा ठिपक्यांचा जो खडक मिळाला, त्याचा नमुनाही अजून मंगळावरच आहे. पुढची बातमी वाचाल तेव्हा नमुना कसा घेतला आणि तापवला का, हे आधी पाहा. आमचे त्या वेळचे सेक्रेटरी हे वाचत असतील, तर त्यांच्या माहितीसाठी सांगतो की तो स्वच्छ अहवाल माझ्या कपाटात आहे आणि त्यावर बाटलीचा प्रकार लिहिलेलाच नाही.