गिअर टाकणे आणि गिअर पडणे

प्रश्न असा आला आहे: १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारीवरचा मजकूर मराठीत आणताना ‘ऑटोमॅटिक ट्रान्समिशन’साठी ‘स्वयंचलित गाडी’ लिहिलं तर चालेल का? आणि लुना, कायनेटिक होंडा, जुनी होंडा कब या सगळ्यांना सरसकट ‘बिनगिअरची’ म्हणणं बरोबर आहे का?

‘स्वयंचलित गाडी’ लिहू नका. ‘चलित’च्या आधी येणारा शब्द ती वस्तू कशाच्या जोरावर चालते ते सांगतो: हस्तचलित पंप, विद्युतचलित करवत. त्या हिशेबानं स्वयंचलित गाडी म्हणजे आपली आपण चालणारी, आणि तशा बिनचालकाच्या गाड्या आता खरोखर रस्त्यावर आल्या आहेत. ओल्ड्समोबिलला चालक लागत होता. आपोआप होत होतं ते फक्त गिअरचं काम. म्हणून विशेषण गिअरला लावा: ‘स्वयंचलित गिअरची गाडी’. ‘ऑटो गाडी’ हे आखूड रूपही टाळा. विदर्भातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे रिक्षा उभी राहील.

पण याहून नेमकी सोय आपल्या क्रियापदांत आहे आणि गॅरेजमध्ये ती रोज वापरली जाते. चालक गिअर टाकतो, गिअर पडतो. ‘रिव्हर्स पडत नाही’ एवढं सांगितलं की मेकॅनिकला कळतं की हात जोर लावतोय पण दात दातांत बसत नाहीत, बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. टाकणं माणसाचं, पडणं यंत्राचं. कुठलीही जुनी ‘ऑटोमॅटिक’ गाडी घ्या आणि विचारा: हिच्यात गिअर टाकावा लागतो की आपोआप पडतो? क्लचबद्दलही तसंच विचारा. दोन उत्तरं मिळाली की शब्द आपसूक ठरतो.

जनरल मोटर्सनं १९४० च्या ओल्ड्समोबिलवर दिलेली हायड्रा-मॅटिक ही गिअरपेटी या कसोटीला पूर्ण उतरते. क्लचचं पेडलच नाही. त्या जागी फ्लुइड कपलिंग, म्हणजे तेलात समोरासमोर बसवलेले दोन पंखे. इंजिन मंद फिरत असलं की तेल घसरतं आणि गाडी ब्रेकवर उभी राहते. वेग वाढला की एका पंख्यानं फेकलेलं तेल दुसऱ्याला फिरवतं. इथे अनुवादात एक चूक फार होते, याला ‘टॉर्क कन्व्हर्टर’ म्हटलं जातं. कन्व्हर्टरमध्ये मधे तिसरा पंखा असतो. तो परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो आणि त्यामुळे चाकाकडे जाणारा पीळ, म्हणजे टॉर्क, वाढतो. कपलिंग पीळ वाढवत नाही, नुसता पोचवतं. म्हणूनच हायड्रा-मॅटिकला चार गिअर लागले.

ते चार गिअर कसे पडत, हे पाहण्यासारखं आहे. पुढे जाण्यासाठी आत दोन ग्रहमालिकेसारखे दातेरी संच. पुढचा संच वेग १.४५ पटीनं उतरवतो, मागचा २.६३ पटीनं. संचाभोवतीचा पट्टा आवळला की उतार, म्हणजे वेगातली ही घट, मिळतो, पट्टा सुटून आतला क्लच धरला की संच अखंड फिरतो. दोन्ही उतरते ठेवले तर गुणाकार सुमारे ३.८२, हा पहिला गिअर. पुढचा सरळ, मागचा उतरता: दुसरा. पुढचा उतरता, मागचा सरळ: तिसरा. दोन्ही सरळ: चौथा. आता दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना काय होतं पाहा. एका संचाचा पट्टा आवळायचा त्याच क्षणी दुसऱ्याचा सुटायला हवा. मागचा संच सरळ व्हायच्या आत पुढच्याची पकड सुटली तर इंजिन मोकळं रेस होतं. दोन्हींची पकड एकमेकांवर चढली तर गाडीला धक्का बसतो. ‘गिअर झटक्यानं पडतो’ ही तक्रार या बदलातच जास्त येई, आणि ती मराठीत तशीच लिहावी.

गिअर कधी पडायचा हे दोन तेलदाब ठरवत. एक गव्हर्नरचा, म्हणजे गाडीचा वेग ओळखणाऱ्या भागाचा, वेगाबरोबर वाढणारा. दुसरा ॲक्सिलरेटरच्या दांडीशी जोडलेला. पहिला दुसऱ्यावर मात करतो तेव्हा वरचा गिअर पडतो. पाय दाबून ठेवला तर तो उशिरा पडतो, आणि दांडीचं माप चुकलं तर भलत्याच वेळी.

उलट १९४८ ची ब्युइक डायनाफ्लो घ्या. तिच्यात कन्व्हर्टर होता, क्लच पेडल नव्हतं, पण ‘ड्राइव्ह’मध्ये एकही गिअर बदलत नसे. चढावर ‘लो’ हवा तर चालकानं हातानं टाकायचा. म्हणजे एरवी गिअर टाकायचा नाही आणि पडतही नाही. तिला ‘क्लचविना गाडी’ म्हणणं जास्त खरं.

मोटारसायकलींत नावं अधिक फसवी आहेत. होंडाची १९७६ ची सीबी ७५० ए ‘होंडामॅटिक’ म्हणून ओळखली जाते; टॉर्क कन्व्हर्टर आणि दोन गिअर, पण ते पायानं टाकायचे. मोटो गुझीच्या १९७५ च्या व्ही १००० कन्व्हर्टचंही तेच. १९५८ च्या होंडा सुपर कबमध्ये तीन गिअर, पायानंच टाकायचे. क्लच मात्र केंद्रोत्सारी, इंजिनाच्या फेऱ्यांवर धरणारा आणि सुटणारा, त्यामुळे डावा हात मोकळा. या तिन्हींना ‘बिनगिअरची’ म्हणणं साफ चूक. कबला ‘आपोआप क्लचची’ म्हणा.

‘बिनगिअर’ हा शब्द मोटार वाहन कायद्यातल्या परवान्याच्या वर्गामुळे पक्का झाला: बिनगिअरची आणि गिअरची मोटारसायकल. तिथे गिअर म्हणजे टाकायचा गिअर, दातेरी चाक नव्हे. त्या अर्थानं १९७२ ची लुना बिनगिअरचीच: आपोआप क्लच आणि एकच ठरलेला उतार. १९८४ ची कायनेटिक होंडाही त्याच वर्गातली, पण तिच्यात उतार सतत बदलत राहतो. फेऱ्या वाढल्या की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, पुलीचे दोन गाल जवळ येतात, बेल्ट पुढे वर चढतो आणि मागे आत बसतो. रोलर झिजून चपटे झाले की ते पूर्ण सरकत नाहीत आणि गाडी वेगाला अडते. हीच रीत हॉलंडच्या डॅफ कंपनीनं १९५८ मध्ये मोटारीत आणली आणि ‘व्हेरिओमॅटिक’ हे नाव दिलं. आपल्याकडच्या स्कूटरवाल्यांच्या तोंडचा ‘व्हेरिएटर’ याच कुळातला. आणि मागच्या चाकापाशी दातेरी चाकं असतातच, म्हणून बिनगिअरच्या स्कूटरमध्येही मेकॅनिक १०० ते १२० मिली गिअर ऑइल भरतो. यात विसंगती काही नाही. ‘गिअर’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत एवढंच.

तुमच्या मजकुरासाठी वाक्य असं बसेल: ‘दांडा “हाय”वर ठेवून ॲक्सिलरेटर दाबला की गाडी निघते आणि वेग वाढेल तसे दुसरा, तिसरा, चौथा हे गिअर आपोआप पडत जातात, गाडी उभी करून ठेवताना मात्र “पार्क” नसल्यानं इंजिन बंद करून रिव्हर्स चालकानं टाकायचा.’