क्रूझवरून स्वतंत्रपणे चिंक्वे तेर्रे पाहताना

नाशिकहून प्रथमच क्रूझला निघून, टूर न घेता इटलीतील चिंक्वे तेर्रे ही समुद्रकिनाऱ्यावरची पाच गावे पाहण्याचा तुमचा बेत उत्तम आहे, तो अवश्य पार पाडा. जहाज ला स्पेत्सिया बंदराला लागणार की लिव्होर्नोच्या, हे मात्र आधी तपासा, कारण लिव्होर्नोहून रेल्वेने जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा भाग संपतो.

नवखे प्रवासी पाचही गावे रेल्वेने एका दिवसात उरकू पाहतात आणि त्यांचा वेळ फलाटांवरच जातो. तुम्ही दोनच निवडा. माझ्या मते वेर्नात्सा आणि मानारोला. कॉर्निल्या हे गाव कड्यावर वसलेले असून स्टेशनापासून तेथे ३८२ पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा सप्तशृंगी गडाची सवय असली तरी या खेपेस ते सोडा.

रेल्वेच्या कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वीच यंत्रातून शिक्का घ्या.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जहाजावर परतण्याची वेळ सुटण्याच्या वेळेआधीची असते आणि स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी जहाज थांबेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून परतण्याच्या वेळेच्या दोन तास आधी तुमच्या जहाजाच्या बंदराच्या गावी पोहोचवणारी गाडी पकडा. डोंगरातील पायवाटांचा विचार सध्या नको.