वाचकांचे प्रश्न : बंधारा घालण्याआधी पुळण मोजा

प्रश्न : आमची माडांची वाडी समुद्राला लागून आहे. दर पावसाळ्यात पुळण (वाळूचा किनारा) खरवडली जाते, यंदा दोन माड कोसळले. गावात दगडी बंधाऱ्याची मागणी आहे. त्याचा उपयोग होईल का?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : वाळू कायमची गेली आहे की नुसती पाण्याखाली जाऊन बसली आहे, हे आधी ठरवा. पावसाळी लाटा उंच आणि एकामागोमाग येणाऱ्या असतात. त्या पुळणीवरची वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात तिचा बांध घालतात. पाऊस सरला की लांब, सपाट लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणून सप्टेंबरात काढलेल्या फोटोवरून कसलाच निष्कर्ष काढू नये. विहिरीचा कठडा किंवा पक्का कातळ अशी न हलणारी खूण धरा. तिथून मर्यादवेलीच्या (किनाऱ्याच्या वाळूवर पसरणाऱ्या वेलीच्या) समुद्राकडच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजा. मे अखेरीस एकदा, सप्टेंबर अखेरीस एकदा. मेची तुलना मेशीच करा. चार-पाच वर्षं हा आकडा कमीच होत गेला तर धूप खरी.

धूप खरी असली, तरी बंधारा हा शेवटचा उपाय. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट मागे फिरते आणि भिंतीच्या पायाची वाळू उकरते. पाणी खोल झालं की आणखी मोठी लाट न फुटता भिंतीपर्यंत पोचते, आणि लाटेची उंची दुप्पट झाली की तिला तोंड द्यायला साधारण आठपट वजनाचा दगड लागतो. म्हणजे आज पुरेसा वाटलेला दगड उद्या बंधाऱ्यामुळेच हलका पडतो! शिवाय बंधारा जिथे संपतो, तिथून शेजाऱ्याची वाडी खचायला लागते.

तरीही बांधायचाच असेल तर साधारण १ उभा, २ आडवा असा उतार ठेवा. दगडांखाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं जाड कापड) आणि त्यावर बारीक खडीचा थर हवाच. तो नसला की फटींतून वाळू निघून जाते आणि वरचे दगड धसतात. पायाचे दगड वाळूत चर खणून पुरायचे. बिलं काढायच्या घाईत नेमकं हेच राहून जातं. आणि पुळणीवरची मर्यादवेल, केवडा काही झालं तरी उपटू नका. उडती वाळू अडवून ठेवायचं काम तीच झाडं करतात.

प्रश्न : हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. ती लाटांनी पडली का?

उत्तर : मुख्यतः मिठाने. लाटांचे तुषार दगडाच्या छिद्रांत मुरतात, उन्हाने पाणी सुकतं आणि मिठाचे स्फटिक वाढताना कण-कण उचकटून काढतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल जास्त टिकते, त्यामुळे तो खोल होत जातो.

प्रश्न : जांभ्याच्या कड्यावर आमचं घर आहे. खाली लाटा पोचत नाहीत, तरी दरवर्षी कडा का ढासळतो?

उत्तर : इथे पाणी वरून येतं. पावसाचं पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपतं, खालच्या चिकणमातीवर अडतं आणि कड्याच्या तोंडातून बाहेर पडताना माती घेऊन जातं. वरचा जांभा अधांतरी राहतो आणि एक दिवस तुटतो. त्याआधी काठाला समांतर भेग पडते. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून मधलं अंतर दर महिन्याला, पावसाळ्यात दर आठवड्याला मोजा. पागोळ्यांचं पाणी आणि शोषखड्डा घराच्या जमिनीकडच्या बाजूला न्या. अंतर वाढताना दिसलं तर कड्याकडच्या खोलीत झोपू नका आणि भूवैज्ञानिकाला जागा दाखवा. भेग वरून सिमेंटने बुजवून काही साधत नाही, उलट ती किती रुंदावते आहे हेच दिसेनासं होतं.