आजोबांच्या जुन्या राले सायकलवर किरकोळ सुधारणांसाठी किती खर्च करावा?

तुम्ही लिहिलंय की लातूरच्या घरी आजोबांची राले आहे. पितळी घंटी, चामड्याच्या मुठी, चामडी सीट, जुन्या घडणीचा दिवा असं एकेक घेता घेता अठरा हजार गेले. क्रीम रंगाचे टायर मागवलेत आणि आता पावडर कोटिंग करावं की थांबावं, असा प्रश्न आहे. शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलंय, "पायडल मारताना टक्-टक् वाजतं, पण ते नंतर बघू."

ते नंतर बघायचं नाही, आधी बघायचं. बाकी सगळं नंतर.

पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी एकदाच टक् वाजत असेल तर बहुतेक वेळा कॉटर ढिला असतो, म्हणजे क्रँक (पायडलची दांडी) मधल्या एक्सलला पक्का धरणारी, एका बाजूने उतार दिलेली पिन. खात्री करणं सोपं आहे. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर ठेवा, दोन्ही पायडल हातांनी एकदम खाली दाबा, मग अर्धा फेरा फिरवून पुन्हा दाबा. एखादा क्रँक एक्सलवर किंचित सरकल्यासारखा वाटला की दोष कॉटरचा. दोन्ही क्रँक मिळून आडवे डुलत असतील तर आतला कप, म्हणजे एक्सलचे छर्रे ज्यात फिरतात ती वाटी, ढिला झालाय. आणि नुसतं पायडलच आपल्या आसावर खुळखुळत असेल तर पायडलमधले छर्रे गेलेत. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, पण आपल्याकडे तिन्हींवर एकच उपाय होतो : नट आवळायचा.

नट आवळून कॉटर बसत नाही, हे मी सांगून थकलोय. कॉटरचा नट पिनला आत ओढण्यासाठी नसतोच, आधीच ठोकून बसवलेली पिन मागे सरकू नये म्हणून असतो. पान्याला पाईप लावून जोर केला की पिनचे बारीक आटे जातात, पिन ढिलीच राहते आणि एक्सलवरची सपाट खाच हळूहळू गोल होत जाते. खाच गोल झाली की नवीन कॉटर कितीही चांगला आणा, टिकत नाही. मग एक्सलच बदलावा लागतो. चहा-नाष्ट्याच्या पैशात होणारं काम असं महागात जातं.

परभणीची एक हंबर सायकल बघा. चेनव्हीलमध्ये (पुढच्या दातेरी चक्रात) एकमेकांचा हात धरलेली पाच माणसं असलेली, अस्सल. मालकाने तिच्यावर मनापासून खर्च केला होता. मडगार्डला क्रोम, नवीन घंटी, सीट बाहेरून मागवलेली. वाजत होती तशीच. उघडल्यावर डावीकडची पिन निम्मीच टेकलेली निघाली. पिनचा सपाट भाग कानशीने घासताना मधोमध फुगीर राहिला होता, म्हणून एक्सलला ती फक्त रेघेपुरती लागत होती. त्यात खाली आधार न देता हातोडा मारलेला. क्रँकखाली आधार नसला की हातोड्याचा दणका एक्सलमधून छर्ऱ्यांवर आणि छर्ऱ्यांतून कपावर जातो. कपाच्या वाटेवर छर्ऱ्यांचे ठसे उमटले होते, बोट फिरवलं तरी कळत होते. त्या कपात नवे छर्रे आणि नवं ग्रीस घालूनसुद्धा क्रँक फिरवला की प्रत्येक ठशावर अडखळायचा. कपच बदलायला लागला.

आता पद्धत सांगतो, मिस्त्रीला वाचून दाखवा. कॉटर काढण्याआधी रात्रभर डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मुरू द्या. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा, म्हणजे घाव आट्यांवर न बसता नटावर बसतो. क्रँकखाली जमिनीपासून क्रँकपर्यंत पोचेल असा लोखंडी पाईप उभा ठेवा, पिनचं जाड डोकं पाईपच्या पोकळीत यायला हवं. मग एक किलोच्या हातोड्याने एकच भरीव घाव. बारीक बारीक वीस घाव घातले तर पिन फुलते आणि आणखी घट्ट होते. दाबून काढायचा प्रेस मिळाला तर उत्तमच.

नवीन पिन घेताना व्हर्नियर लावून जाडी बघा. इंग्रजी बनावटीला 9.5 मिलिमीटर लागते, 9 चीही विकली जाते आणि ती कधीच बसत नाही. दोन्ही पिना एकाच जोडीतल्या घ्या, कारण उताराचा कोन वेगळा असला तर दोन क्रँक एका सरळ रेषेत येत नाहीत आणि गुडघ्याला ते जाणवतं. सपाट भागाला काजळी किंवा मार्करची शाई लावा, पिन घालून दाबा, काढून बघा. शाई जिथे पुसली गेली तेवढाच भाग टेकतोय. कानस पूर्ण आडवी धरून तोच उंचवटा काढायचा, पुन्हा शाई, पुन्हा बघायचं, पूर्ण पट्टा पुसला जाईपर्यंत. वॉशर आणि नट नीट बसेल इतके आटे बाहेर आले की थांबायचं, जास्त घासली तर पिन आरपार जाईल. दोन्ही पिना उलटसुलट दिशेने जातात : उजवा क्रँक पुढे असताना त्याचा नट वर असेल, तर अर्धा फेरा फिरवून डावा पुढे आल्यावर त्याचाही नट वरच दिसला पाहिजे. पाईपचा आधार देऊन ठोका, मग नट बेताने आवळा. पंधरा-वीस किलोमीटर चालवून झाल्यावर पुन्हा एकदा ठोकून नट आवळायचा. ही शेवटची पायरी कोणी करत नाही आणि मग म्हणतात कॉटर टिकत नाही.

"कॉटर म्हणजे कटकट, काढून टाका, कॉटरलेस (पिन नसलेला क्रँकचा संच) बसवा," असं रविवारी सकाळी राईडला जाणारे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. राले इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची असेल तर हा सल्ला सरळ सरळ चूक आहे. नॉटिंगहॅमच्या कारखान्याने खालच्या कपांना आणि हँडलच्या मानेला इंचाला 26 आटे ठेवले होते. बाकीच्या इंग्रजी बनावटीला 24 असतात. व्यास सारखा दिसतो, म्हणून बाजारातला 24 आट्यांचा कप पहिले एक-दोन फेरे जातोसुद्धा. मग अडकतो, मग पान्याला पाईप लागतो आणि फ्रेमचे मूळ आटे कापले जातात. फ्रेमला नवीन आटे पाडणारा माणूस आपल्याकडे शोधावा लागतो.

आटे मोजायला खास हत्यार लागत नाही. पुढच्या चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या फोर्कच्या) मानेवर आटे लांबवर असतात. वरचा नट काढून स्टीलची पट्टी लावा आणि अर्ध्या इंचात किती येतात ते मोजा. 13 आले तर 26 ची बनावट, 12 आले तर 24 ची.

आणि समजा कॉटरलेस जबरदस्तीने बसवलंच. नवीन चेनव्हील मूळ चेनकव्हरला घासतं, म्हणून चेनकव्हर काढावं लागतं. ते काढलं की पावसाळ्यात काळी माती थेट चेनवर. चेनची रेष सरकली म्हणून मागे वॉशर घालायचे, वॉशर घातले की चाक मागच्या चिमट्यात तिरकं. एका भागाने चार भागांना हात लावायला लावला. शिवाय बगळ्यांची नक्षी असलेलं मूळ चेनव्हील माळ्यावर जातं आणि तिथून एका दिवाळीत भंगारवाल्याकडे. मराठवाड्यातल्या भंगाराची वाट शेवटी जालन्याच्या भट्टीकडे जाते. तिथून परत येते ती सळई.

जुन्या सायकलवर पैसा असाच जातो. घंटी महाग असते म्हणून जात नाही, प्रत्येक "छोटा" भाग दुसऱ्या भागाचं माप बिघडवतो म्हणून जातो.

तुमचे क्रीम टायर बघा. सायकलला "28" टायर लागतो एवढंच बघून मागवले असतील तर ते बसणार नाहीत. आपल्या दांडीवाल्या काळ्या सायकलींचा टायर 28 × 1½ असतो, त्याच्या बाजूवर 40-635 लिहिलेलं असतं. 635 म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. नव्या सायकलींचा 28 म्हणवला जाणारा टायर 622 चा असतो. तेरा मिलिमीटरचा फरक लिव्हर घालून भरून निघत नाही. 635 चे क्रीम मिळाले तरी ते घ्याच असं मी म्हणणार नाही. साधे काळे भारतीय टायर जिल्ह्याच्या कुठल्याही सायकल दुकानात मिळतात. बाभळीचा काटा काळ्यालाही लागतो आणि क्रीमलाही, पण काळा टायर फाटला तर संध्याकाळपर्यंत दुसरा येतो. ब्रेकची रबरं, चेन, फ्रीव्हील, छर्रे, व्हॉल्व्हची रबरी नळी यांचंही तेच. इंग्रजी मापाचे हे भाग अजून आपल्या बाजारात स्वस्त आहेत, हा आपला मोठा फायदा आहे. तो सोडून परदेशातून मागवण्यात काही अर्थ नाही.

पावडर कोटिंग करू नका. चेनकव्हरवरची सोनेरी रेघ आणि नळीवरचं मूळ चित्र एकदा सॅंडब्लास्टिंगमध्ये गेलं की गेलं, स्टिकर लावून ते परत येत नाही. वाळूचा मारा करताना नळ्यांची तोंडं बंद केली नाहीत तर आत अडकलेली वाळू पुढे छर्ऱ्यांत उतरते. आट्यांवर पावडरचा थर बसला तर कप आत जात नाही. आणि जो दिवा तुम्ही हौसेने घेतलाय, तोच बंद पडेल. जुन्या डायनॅमोला एकच वायर असते, परतीचा मार्ग फ्रेममधून असतो. डायनॅमोच्या पट्टीला एक टोकदार स्क्रू असतो, तो रंग फोडून लोखंडाला टेकला तरच दिवा लागतो. पावडरच्या जाड थरावर तो टेकत नाही. मग बल्ब बदला, वायर बदला, डायनॅमो बदला, सगळं वाया. (डायनॅमोचा आस चाकाच्या मध्याकडे रोखलेला ठेवा, तिरका राहिला तर टायरची बाजू खातो.) रंग जुना आहे तसाच राहू द्या. ओल्या फडक्याने धूळ काढा, मग साबणाचं पाणी, मग मेणाचं पॉलिश. सोनेरी रेघेवर रबिंग कंपाउंड फिरवू नका, ती दोन हातांत निघून जाते.

क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हळू घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, ओरखडे पडत नाहीत. रिमला नवीन क्रोम करू नका. करणारा आधी घासून लोखंड पातळ करतो, आणि दांडीच्या ब्रेकची रबरं रिमच्या आतल्या बाजूला लागतात, त्या पृष्ठभागावरच तुमचा जीव अवलंबून असतो. रिमला रंग तर अजिबात नको, ब्रेक पहिल्याच उतारावर तो खरवडून काढतो.

आता पैसे कशावर घालायचे. खालच्या कपांत पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूला 11. मागच्या हबमध्ये पाव इंचीच, प्रत्येक बाजूला 9. पुढच्या हबमध्ये तीन षोडशांश इंची, प्रत्येक बाजूला 10. सगळे एकदम बदला. चार जुने, सात नवे असं केलं तर नवे किंचित मोठे असतात, सगळा भार त्यांच्यावर येतो आणि तेच कप खराब करतात. उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतो, हे मिस्त्रीला हात लावण्याआधी सांगा. चेन बारा इंच मोजा : एक षोडशांश इंच वाढली असेल तर चेन बदला, एक अष्टमांश वाढली असेल तर फ्रीव्हीलही बघून घ्या. चेनला खोबरेल तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. ब्रेकची चार रबरं, चाकांचा आऊट काढणं (डुलणारं चाक सरळ करणं), दोन टायर, दोन ट्यूब, कॉटरची जोडी आणि ग्रीसचा डबा. मजुरी सोडून हे सगळं दोन-अडीच हजारांच्या आसपास होतं.

म्हणून अठरा हजार जास्तच आहेत. त्यातला एकही रुपया फिरणाऱ्या किंवा थांबवणाऱ्या भागावर गेलेला नाही.

सीटचं मात्र वेगळं. रोज चालवत असाल तर चांगली चामडी सीट वाया गेलेला खर्च नाही. फक्त आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर ठेवू नका, वर्षातून एक-दोनदा चामड्याचं मेण पातळ लावा, तेल पाजू नका. तेलाने चामडं सैल होऊन मध्ये खोलगट होतं आणि मग पुढचा बोल्ट आवळत राहावा लागतो.

कॉटरलेसबद्दल एवढं कडक लिहिलं, त्याला एक अपवाद आहे. फ्रेमचे आटे आधीच कोणी कापून ठेवले असतील तर बिनआट्यांचा, दोन्ही बाजूंनी आवळून बसणारा बंद बेअरिंगचा संच मिळतो. तिथे तोच मार्ग बरा आणि माझी काही हरकत नाही. चेनकव्हरला घासणार नाही इतक्या लांबीचा एक्सल निवडा.

आणि मागच्या हबवर स्टर्मी-आर्चर या इंग्रजी कंपनीचं नाव, "एडब्ल्यू" आणि शेजारी आकडे दिसले तर तो तीन गिअरचा हब आहे, आकडे बनावटीच्या वर्ष-महिन्याचे आहेत. त्यात ग्रीस भरू देऊ नका. हबवरच्या छोट्या झाकणातून महिन्याला अर्धा चमचा पातळ मशीन ऑइल पुरतं. मधल्या गिअरवर ठेवून उजव्या नटाच्या खिडकीतून बघा, आतल्या काडीचं टोक एक्सलच्या टोकाशी अगदी सपाट हवं. गिअरची तार ढिली असेल तर मधल्या आणि वरच्या गिअरच्या मध्ये पायडल एकदम रिकामं फिरतं, आणि उभं राहून चालवत असाल तर माणूस दांडीवर आपटतो. तारेचा स्क्रू फिरवून हे जमतं, हब उघडायची गरज नसते.